टपालाचा दर आणि सामान्य माणूस

(श्रीरामपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून चार विचार ऐकण्याची सवय तेव्हापासून महाराष्ट्राला लागली. या व्यासपीठावर बहुधा विद्वान मंडळी बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. म्हणून विषयही आम्ही त्या अर्जाच्या पाकिटावर लागणाऱ्या तिकिटाचाच घेतला आहे.

विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. टपालाच्या दरावर काय बोलायचे? शिवाय आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. पत्र लिहितो कोण? या शंकेचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. खुशालीचे पत्र आज फारसे कोणी लिहीत नाही, हे खरे. ते काम फोनने स्वस्तात आणि अधिक गोडीने होते. त्याबद्दल रडत बसण्याचे कारण नाही. पण खुशाली कळवणे हे टपालाच्या अनेक कामांपैकी एक काम होते. दुसरे काम असे की, एका माणसाने दुसऱ्याला, आणि विशेषतः लहान माणसाने मोठ्याला, काही कळवले याचा पुरावा ठेवणे. तिसरे काम पुस्तके, मासिके, औषधे, लाडू-चिवडा, लेकीची साडी अशा वस्तू दूरवर पोचवणे. ही दोन कामे मोबाइलने संपलेली नाहीत, आणि दर वाढले आहेत ते नेमके याच दोन कामांचे.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. साधे पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळते. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना आणि वीस ग्रॅमपर्यंतचे साधे पाकीट पाच रुपयांना जाते. चहाच्या अर्ध्या कपापेक्षाही हे स्वस्त आहे. म्हणजे टपाल महागले अशी नुसती ओरड केली तर सरकार पोस्टकार्ड पुढे करील आणि आपले तोंड बंद होईल. म्हणून ओरड करण्यापूर्वी हिशेब मांडला पाहिजे. काय स्वस्त राहिले, काय महागले आणि काय मुळातच नाहीसे झाले, असे तीन रकाने पाडून पाहिले पाहिजेत.

त्याआधी थोडे मागे जाऊ. टपाल स्वस्त असावे ही कल्पना काही अनादि काळापासून चालत आलेली नाही. ती एका माणसाने हिशेब करून जगापुढे मांडली. इंग्लंडात रोलंड हिल नावाचा एक शिक्षक होता. त्या काळी पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. गरीब माणूस पत्र हातात घेऊन वरून पाही आणि परत करी. हिलने १८३७ साली एक पुस्तिका काढली. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा निव्वळ खर्च पेनीचा छत्तिसावा हिस्सा एवढाच येतो, असे त्याने दाखवले. खर्च होतो तो वाहतुकीत नव्हे; पत्र गोळा करणे, त्याची नोंद करणे, आकार ठरवणे आणि ते वाटणे यांत होतो. तेव्हा अंतराचा भेद काढून टाका, सगळीकडे एकच दर ठेवा, तो आगाऊ घ्या आणि तो इतका कमी ठेवा की लोक भरपूर पत्रे लिहितील, असे त्याचे म्हणणे. १८४० साली ते अमलात आले. पेनीत पत्र जाऊ लागले.

आपल्याकडे हे तत्त्व १८५४ साली आले. त्यापूर्वी कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र धाडायला एक रुपया पडे. त्या काळचा रुपया म्हणजे काय चीज होती हे आपल्या आजोबांच्या तोंडून आपण ऐकले आहे. १८५४ च्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्याचे पत्र देशात कुठूनही कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. १ जुलै १८७९ पासून पोस्टकार्ड आले, त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक जुना पैसा. १८८० साली मनिऑर्डर आली.

ही कामे परक्या सरकारने काही आपल्यावरच्या प्रेमापोटी केली नाहीत. राज्य चालवायला आणि व्यापार वाढवायला टपाल हवे होते. पण एकदा रस्ता बांधला की साहेबाच्या बग्गीमागून शेतकऱ्याची बैलगाडीही जाते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला आणि घाटावरचा माणूस राबत होता आणि त्याच्या घामाचा पैसा मनिऑर्डरीने गावच्या चुलीपर्यंत पोचत होता. कोकण मनिऑर्डरीवर चालते, असे लोक म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गावोगावचे पोस्टमन रिकाम्या हातांनी दारावरून जाऊ लागले, तेव्हा त्या म्हणण्याचा अर्थ सर्वांना कळला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून मुंबईत चालवले आणि कामगाराचा आवाज छापून दूरवर पोचवण्याची वाट दाखवली. त्या लोखंड्यांच्या चित्राचे तिकीट २००५ साली टपालखात्याने काढले. आम्हांला त्याचा अभिमान वाटतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. श्रीरामपूर हे टपालाने आणि रेल्वेने घडवलेले गाव आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, हरेगावला आणि टिळकनगरला साखर कारखाने उभे राहिले, दौंड-मनमाड रेल्वेच्या स्टेशनाभोवती पेठ वाढली. गंमत अशी की, गाव श्रीरामपूर आणि स्टेशनाच्या पाटीवर नाव बेलापूर. खरे बेलापूर गाव आणखी निराळे आणि नव्या मुंबईतले बेलापूर चौथेच. बाहेरच्या माणसाने पाकिटावर नुसते ‘बेलापूर’ लिहिले की पत्राने भटकंती करायची. हा गोंधळ १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या पिनकोडने मिटवला. श्रीरामपूर ४१३७०९, नव्या मुंबईचे बेलापूर ४००६१४. आता चूक होण्याचे कारण नाही. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत त्यांनी देशातल्या प्रत्येक वस्तीला पत्ता दिला. पत्ता असणे ही लहान गोष्ट नाही. ज्याला पत्ता आहे त्याला सरकारने ओळखले पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

या भागात कागदाला केवढी किंमत आहे हे आम्ही सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ साली सीलिंगचा कायदा झाला, १९६३ साली शेती महामंडळ आले, आणि जमिनी खंडकऱ्यांना परत मिळू लागल्या त्या २०१२ पासून. मधल्या काळात एक पिढी गेली, दुसरी गेली. आजोबाचा अर्ज, बापाची नोटीस, नातवाचा दाखला असे कागद पेटीत जपून ठेवावे लागले. त्या कागदांच्या गठ्ठ्यात टपालाच्या पावत्या असत. गुलाबी पोचपावतीवरचा एक शिक्का कधी कधी एकरभर जमिनीइतका मोलाचा ठरतो.

कामगाराचेही तसेच आहे. आमच्या कचेरीत माणूस येतो. त्याची ग्रॅच्युइटी अडलेली असते, हजेरीतले दिवस कापलेले असतात, किंवा गेटवर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून सांगितलेले असते. आम्ही अर्ज लिहितो. लिहून झाला की तो विचारतो, “अण्णा, सादं टाकू का रजिष्टर करू?” आम्ही सांगतो, “रजिस्टर कर आणि पावती फोटोमागे ठेव.” असे का? कारण एका कारखान्याच्या कचेरीत आमच्या एका सभासदाने तीन अर्ज हातोहात दिले. प्रत्येक वेळी टेबलावरच्या माणसाने ‘ठेवा, साहेबांना दाखवतो’ म्हटले. पुढे प्रकरण कामगार अधिकाऱ्यापुढे गेले तेव्हा व्यवस्थापनाने सांगितले, आमच्याकडे असा अर्जच आला नाही. चौथा अर्ज रजिस्टरने गेला होता. तो आला नाही असे मात्र त्यांना म्हणता येईना.

याच्यामागे कायदा आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये सांगितले आहे की, ज्या कायद्याने एखादा कागद टपालाने बजावायला परवानगी आहे, तेथे बरोबर पत्ता घालून, पुरता आकार भरून, रजिस्टर टपालाने तो पाठवला की नेहमीच्या मुदतीत तो पोचला असे धरावे. पोचला नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करावे. पाहा, एका तिकिटाने सिद्ध करण्याचे ओझे दुबळ्याच्या खांद्यावरून बलवानाच्या खांद्यावर जाते. मोठ्या कंपनीपाशी वकील असतो, जावक नोंदवही असते, शिपाई असतो. गरिबापाशी पोस्टाची पावती असते. रजिस्टर टपाल हा गरिबाचा वकील होता, आणि त्याची फी परवडण्याजोगी होती.

आता तो हिशेब मांडू. पूर्वी पुराव्याच्या टपालाला तीन पायऱ्या होत्या. सर्वांत खालची पायरी यू. पी. सी. ची. पत्र साधेच, पण ते टाकले याचा पोस्टाच्या शिक्क्याचा दाखला दोन-तीन रुपयांत मिळे. २०११ साली ती सोय बंद झाली. तिचा गैरवापर होत होता हे खरे. मागची तारीख मारून घेण्याचे प्रकार घडत. पण उंदीर झाले म्हणून कोणी धान्याची कणगी जाळत नाही. दुसरी पायरी रजिस्टरची. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले. स्पीड पोस्ट हे टपाल १९८६ पासून आहे, ती तिसरी आणि महाग पायरी. आता रजिस्ट्रेशन हवे असेल तर आधी स्पीड पोस्ट करायचे आणि वर नोंदणीचा जादा आकार द्यायचा. म्हणजे खालच्या दोन्ही पायऱ्या काढून घेतल्या आणि सांगितले की जिना आहेच, चढा.

आकड्यांत पाहू. वीस ग्रॅमच्या आतला, एक-दोन पानांचा अर्ज रजिस्टरने पाठवायला विलीनीकरणापूर्वी करासह २५ रुपये ९६ पैसे पडत. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. पन्नास ग्रॅमपर्यंत स्थानिक टपालाला १९ रुपये आणि बाहेरगावी, मग ते जवळ असो वा हजार कोसांवर, ४७ रुपये. नोंदणीचे ५ रुपये जादा आणि या सर्वांवर शेकडा १८ जी. एस. टी. म्हणजे श्रीरामपूरहून नगरला, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, त्या साठ-सत्तर किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावाला एक अर्ज नोंदवून धाडायचा तर ६१ रुपये ३६ पैसे. सव्वीसाचे एकसष्ट झाले.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावातल्या गावात नोंदवून पाठवले तर २८ रुपये ३२ पैसे पडतात. ही वाढ फार नाही. पन्नास ग्रॅमचे जाड पाकीट असेल तर जुन्या आणि नव्या दरांतला फरक कमी होतो. स्पीड पोस्ट लवकर जाते, वाटेत कुठे आहे ते कळते, विद्यार्थ्यांना शेकडा दहा सूट ठेवली आहे. हे सर्व चांगले आहे. पण आमचा सवाल असा की, ज्याला घाई नाही त्याने घाईचे पैसे का द्यावेत? दहा वर्षे रखडलेल्या प्रकरणातला अर्ज दोन दिवस उशिरा पोचला म्हणून काही बिघडत नाही. आम्हांला वेग नको होता, पुरावा हवा होता. हळू पण पक्के आणि स्वस्त असे जे होते तेच काढून घेतले.

आणि अर्ज एक नसतो. एक मालकाला, एक कामगार अधिकाऱ्याला, एक भविष्य निधीच्या कचेरीला, एक वरच्या साहेबाला. निदान चार पाकिटे. पूर्वी एकशे चार रुपये, आता दोनशे पंचेचाळीस. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे माणसाने तीन-चतुर्थांशाहून अधिक दिवस माती उपसावी, ती आपले गाऱ्हाणे पोस्टात टाकण्यासाठी! ज्याचे पैसे अडले आहेत त्यानेच मागण्यासाठी आधी पैसे भरावेत. मग तो काय करतो? साधे टाकतो आणि देवावर हवाला ठेवतो. व्हॉट्सॲपवर निळी खूण आली म्हणून ग्रॅच्युइटीचा अर्ज पोचला, हे कचेरीला पटवणे किती सोपे आहे ते ज्यांनी प्रयत्न केला त्यांना विचारावे.

आता पुस्तकांकडे वळू. आमच्यासारख्या शाळा सुटलेल्या माणसाचे विद्यापीठ म्हणजे बुकपोस्ट. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला कार्ड टाकावे, पुस्तक व्ही. पी. ने यावे, पोस्टमनला पैसे देऊन ते सोडवून घ्यावे. अशी आमची पदवी हप्त्याहप्त्याने आली. महाराष्ट्राची वाचनाची सारी इमारत टपालावर उभी आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर दिवाळीला अंकांचे गठ्ठे पोस्टाने खेडोपाडी जातात. सानेगुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ सुरू केले. असली साप्ताहिके स्टॉलवर कमी आणि वर्गणीदाराच्या दारी अधिक पोचतात. नोंदणी झालेल्या नियतकालिकाला टपालात मोठी सवलत आहे. पन्नास ग्रॅमपर्यंतचा अंक पंचवीस पैशांत जातो. ही सवलत म्हणजे लोकशाहीने वाचकाला दिलेली ओवाळणी आहे, आणि ती टिकली पाहिजे.

पण १८ डिसेंबर २०२४ ला रजिस्टर्ड बुकपोस्ट एकाएकी बंद झाले. एक किलो पुस्तके पाठवायला जेथे बत्तीस रुपये पडत तेथे पार्सलाचे अठ्ठ्याहत्तर पडू लागले. पाच किलोंचा गठ्ठा ऐंशी रुपयांत जाई, त्याचे दोनशेएकोणतीस झाले. शंभर रुपयांचे पुस्तक आणि त्याच्या निम्म्याहून अधिक टपालखर्च, अशी स्थिती आली. मोठ्या दुकानदाराने तो खर्च शेकडो मालांत मिसळून टाकला. घरातल्या खोलीत गठ्ठे बांधणारा लहान प्रकाशक आणि तालुक्याचे ग्रंथालय मात्र अडचणीत आले. देशभर ओरड झाली. वाचक, लेखक, प्रकाशक बोलले. आणि १ मे २०२५ पासून, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सोय सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोंपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा. जुन्या दराइतके हे स्वस्त नाही, पण पार्सलापेक्षा पुष्कळ बरे आहे. याचा बोध काय? बोलले की ऐकू जाते. पुस्तकवाले बोलले म्हणून त्यांना काही मिळाले. रजिस्टर टपाल वापरणारा गरीब माणूस बोलला नाही. त्याच्या वतीने कोणी संपादकाला पत्र लिहिले नाही. ते काम आज आम्ही करीत आहो.

परदेशी गेलेल्या लेकरांची कथा आणखी निराळी. अमेरिकेने लहान पार्सलांवरची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्याआधी चार दिवस, २५ ऑगस्टला, आपल्या टपालखात्याला तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवावे लागले, कारण जकात कोणी आणि कशी गोळा करायची हेच ठरले नव्हते. ते पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन आठवड्याच्या आत आले असताना. चकल्यांचा डबा समुद्रापार दिवाळीला कसा पोचणार? सुना-मुलांसाठी फराळ करणाऱ्या आईला जागतिक व्यापाराचे राजकारण असे पार्सलाच्या खिडकीवर भेटले.

आता सरकारची बाजू ऐकू. ते म्हणतात, टपालखाते तोट्यात आहे. २०१६-१७ च्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे एका पोस्टकार्डामागे बारा रुपये पंधरा पैसे खर्च आणि मिळकत पन्नास पैसे. हा आकडा ऐकला की मोठमोठ्यांची बोलती बंद होते. पण हा खर्च येतो कसा ते पाहा. पोस्टमन सकाळी पिशवी घेऊन वस्तीला निघाला की त्याच्या पिशवीत एक कार्ड असो वा शंभर, त्याचे पाय तितकेच झिजतात. शंभर कार्डे असली तर खर्च शंभरांत वाटला जातो. एकच असले तर सगळा त्या एकट्याच्या माथी. कार्डे कमी झाली म्हणून कार्डाचा खर्च फुगला. मग उपाय म्हणून दर वाढवला तर पत्रे आणखी कमी होतील आणि उरलेल्यांचा खर्च आणखी फुगेल. मुक्कामी एस. टी. ची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. प्रवासी कमी म्हणून फेरी कमी. फेरी कमी म्हणून प्रवासी वडापमध्ये बसले. प्रवासी वडापमध्ये गेले म्हणून उरलेली फेरी बंद. टपालाला त्या वाटेने नेऊ नये, एवढेच रोलंड हिलचे आणि आमचेही म्हणणे आहे.

त्या वाटेचा शेवट कुठे होतो तेही जगाने पाहिले. डेन्मार्कात १६२४ पासून सरकारी टपाल होते. तेथे दर वाढत गेले, पत्रे घटत गेली, आणि ३० डिसेंबर २०२५ ला तेथल्या टपाल कंपनीने शेवटचे पत्र वाटून पत्रांचे काम बंद केले. रस्त्यावरच्या लाल पेट्या काढून टाकल्या. इंग्लंडात, पेनी टपालाच्या माहेरी, पहिल्या वर्गाचे तिकीट एप्रिल २०२५ मध्ये १ पौंड ७० पेन्सांवर गेले. डेन्मार्कातल्या घराघरांत संगणक आहे, तेथे निभेल. आपल्या ऊसतोडीच्या कोपीवर काय आहे?

काही जण दुसरे कारण पुढे करतात: पगार वाढले म्हणून दर वाढले. आम्ही कामगार चळवळीतले लोक हे वाक्य लहानपणापासून ऐकत आहो. साखर महागली तरी तेच, कापड महागले तरी तेच. खेड्यातले टपाल वाटतो कोण? ग्रामीण डाक सेवक. त्याला ‘खात्याबाहेरचा’ म्हणून वर्षानुवर्षे हिणवले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा प्रकरणात सांगितले की ही माणसे सरकारी पदावर आहेत. तरी पुरत्या नोकरदाराचे हक्क त्यांना मिळाले नाहीत. २२ मे २०१८ पासून ते पंधरा-सोळा दिवस संपावर गेले तेव्हा कोठे त्यांचा मोबदला सुधारला, आणि सुधारून किती? कामाच्या तासांप्रमाणे महिना दहा, बारा, फार तर साडेचौदा हजार मूळ रक्कम. याच्या जिवावर रजिस्टरचे एकसष्ट रुपये झाले, असे कोणी सांगेल तर ते आम्हांला पटणार नाही. ११ जुलै १९४६ ला देशभरच्या टपाल कामगारांनी संप केला, तेव्हा २९ जुलैला सारे कलकत्ता त्यांच्यासाठी बंद राहिले. टपाल वाटणारा आणि टपाल टाकणारा यांचे हित एकच आहे हे त्या लोकांना कळले होते. आपणही ते विसरू नये.

आणखी एक गोष्ट फार शांतपणे घडून गेली, ती सांगतो. १८९८ च्या टपाल कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. पत्र, कार्ड, बुकपोस्ट यांचे दर त्यात लिहिलेले असत. ते वाढवायचे तर अर्थमंत्र्याला अर्थविधेयकातून संसदेपुढे यावे लागे. कार्डाची किंमत पाच पैशांनी वाढली तरी विरोधी बाकांवरून गदारोळ होई. नवा टपाल कायदा २०२३ साली झाला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात दर ठरवण्याचा अधिकार टपालखात्याच्या महासंचालकांकडे गेला. कारभार सुटसुटीत झाला असेल. पण गरिबाच्या पत्राचा दर संसदेच्या चर्चेतून निघून परिपत्रकात जाऊन बसला. परिपत्रकाला प्रश्न कोण विचारणार?

तेव्हा आमचे मागणे काय? जुना एक पैसा परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. काळ बदलतो, रुपया बदलतो. मागणी चार गोष्टींची आहे. पहिली: पुराव्याचे एक स्वस्त टपाल पुन्हा सुरू करा. वेग नसला तरी चालेल. आठवड्याने पोचू दे. पण शिक्का, पावती आणि पोच पाहिजे. निदान मजुरी, निवृत्तिवेतन, जमीन आणि रेशन यांच्या अर्जांना, सरकारी कचेऱ्यांच्या पत्त्यावर, ही सवलत द्यावी. त्यावरचा कर माफ करावा. गाऱ्हाण्यावर जी. एस. टी. शोभत नाही. दुसरी: ज्ञान पोस्ट आणि नियतकालिकांचा दर हे लहरीवर न ठेवता टिकाऊ नियमात बसवावे, लहान मासिके, ग्रंथालये आणि कामगार संघटनांची पत्रके यांना त्यात जागा असावी. तिसरी: दर बदलण्यापूर्वी तीन महिने तो पोस्टाच्या फळ्यावर मराठीत लावावा, हरकती मागवाव्यात आणि त्यांची उत्तरे द्यावीत. चौथी: ग्रामीण डाक सेवकाला पुरत्या नोकराचा मान आणि पगार द्यावा, कारण खाजगी कुरियरवाला जेथे ‘डांबरी रस्ता संपला’ म्हणून मागे फिरतो तेथून पुढे त्याची सायकल जाते.

यासाठी पैसा कोठून, असे विचाराल. १८५४ च्या तत्त्वातच त्याचे उत्तर आहे. शहराच्या टपालाने खेड्याचे टपाल पोसावे, मोठ्या गिऱ्हाइकाने लहानाचे. बँका, कंपन्या आणि मोठमोठे विक्रेते लाखो पाकिटे आणि पार्सले धाडतात. त्यांच्याकडून पुरते घ्या. पुन्हा, रस्ते, न्यायालये आणि शाळा यांचा नफा-तोटा आपण दर पावसाळ्यात मोजत नाही. पत्ता असलेल्या प्रत्येक माणसाचा शब्द नोंदवून पोचवणे हे त्याच जातीचे काम आहे.

आणि आपण काय करायचे? नुसते सरकारला नावे ठेवून भागणार नाही. आपल्या युनियनने अर्ज एकत्र करून पाठवण्याची व्यवस्था केली आहे. गावातल्या गावातले अर्ज स्थानिक दराने आणि जिल्ह्याचे एका पाकिटात, म्हणजे चार जणांच्या माथी चौथाई खर्च. हे दुसऱ्या संस्थांनीही करावे. ग्रंथालयांनी पुस्तके ज्ञान पोस्टाने मागवावीत; सोय वापरली नाही तर ‘मागणी नाही’ म्हणून तीही एक दिवस बंद होईल. आणि उद्या प्रत्येकाने पन्नास पैशांचे एक कार्ड घ्यावे, या चार मागण्या चार ओळींत लिहाव्यात आणि आपल्या खासदाराला टाकाव्यात. कार्डाला पाकीट लागत नाही, ते वाटेत सगळ्यांना वाचता येते. आपल्या मागण्यांत लपवण्यासारखे काही नाही. श्रीरामपूर तालुक्यातून पाच हजार कार्डे गेली तर खर्च अडीच हजार रुपये. त्यातले एक जरी दिल्लीच्या सभागृहात वाचले गेले, तरी परिपत्रकात गेलेला प्रश्न संसदेत परत आला असे होईल.

कार्डे कमी पडू नयेत म्हणून पोस्टमास्तरसाहेबांना आम्ही आधीच कळवून ठेवणार आहो.